जुन्या मोटारीतला तेलदाबाचा काटा

1964 पासून कुर्ल्यात बनलेली फियाट 1100 डिलाइट आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी यांत तेलाच्या दाबासाठी डॅशबोर्डवर फक्त लाल दिवा असे. दाब अगदी कमी झाल्यावरच तो पेटतो. म्हणून जुन्या गाड्या जपणारे अनेकजण ऑइल प्रेशर गेज (तेलदाबमापक) वेगळा बसवतात, आणि ते योग्यच आहे.

मात्र काटा वर असला की तेल पुरेसे आहे, हा सर्रास होणारा समज बरोबर नाही. गेज इंजिनातल्या वाहिन्यांमधला दाब दाखवतो, संपमधली (तळातल्या तेलपात्रातली) पातळी नव्हे. विहिरीतले पाणी बरेच उतरले तरी मोटरपंपाची धार पडतच राहते. फुटव्हॉल्व (पाणी ओढणाऱ्या नळीच्या तळाची झडप) उघडा पडला की मगच ती तुटते. तेलपंपाचेही तसेच. पातळी डिपस्टिकनेच तपासावी लागते.

उष्णतेचा परिणामही समजून घ्यायला हवा. कोराडी-नागपूर भागात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. गरम तेल पातळ होते, त्यामुळे सिग्नलला थांबलेल्या गाडीचा काटा सकाळपेक्षा खाली दिसतो. वेग वाढवताच तो वर चढत असेल तर बहुधा बिघाड नसतो; चढत नसेल तर इंजिन लगेच बंद करावे.

गेजची जोडणी टी-जॉइंटने करावी, म्हणजे मूळ दिवाही चालू राहतो. यांत्रिक गेजमध्ये गरम तेल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डमागे येते. विजेच्या गेजमध्ये फक्त तार येते, म्हणून तो अधिक सुरक्षित.