ईसीएम बदलण्याआधी

चेक इंजिनचा दिवा पेटला, गाडी मध्येच बंद पडू लागली, की ‘ईसीएम (इंजिनचा कंट्रोल मॉड्यूल) गेला’ म्हणून हजारो रुपये घालवू नका. शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात मी आधी उंदरांनी कुरतडलेली वायरिंग शोधेन. बॅटरी बंद गाडीत साधारण 12.6 व्होल्ट, चालू गाडीत 14 च्या आसपास हवी. अर्थिंग घासून घट्ट करा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ईसीएमचा कनेक्टर काढा. पिनांवर हिरवट गंज असेल, तर पाणी शिरलंय. शॉर्ट झालेला एखादा सेन्सरसुद्धा 5 व्होल्टचा पुरवठा पाडतो. पुरवठा, अर्थिंग, वायरिंग सगळं ठीक असूनही स्कॅनरला ईसीएमकडून प्रतिसाद नसेल, तरच संशय पक्का. भंगारातला ईसीएम नुसता जोडून भागत नाही. इमोबिलायझर असलेल्या गाडीत तो चावीशी जुळवावा लागतो. जुना मात्र जपून ठेवा, पुष्कळदा तोच दुरुस्त होतो.