दोन दिवस गल्ल्यापासून दूर : मित्रांसोबत विश्रांतीचा हिशेब

आपला व्यापारी वर्षभर मालाचा, उधारीचा आणि भाड्याचा हिशेब ठेवतो. स्वतःच्या शरीराचा हिशेब मात्र तो कधीच मांडत नाही. तराजूत दांडी मारली तर गिऱ्हाईक बोलते, पण कंबर दुखली तर आपण मलम चोळून पुन्हा गादीवर बसतो. भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीच्या बाजारपेठांत सकाळी नऊला उघडलेले दुकान रात्री नऊपर्यंत चालू असते आणि मालक सुटी घेतो ती फक्त लग्नाला, मयतीला किंवा दवाखान्याला. कारागिराची अवस्था याहून बिकट असते. हात थांबला की त्याची मजुरीही थांबते.

शहरांतून अलीकडे एक पद्धत रूढ झाली आहे. तिला ‘स्टेकेशन’ म्हणतात. लांबचा प्रवास न करता घराजवळच्याच एखाद्या चांगल्या हॉटेलात एक-दोन रात्री राहायचे, मालिश, वाफेची आंघोळ, पोहणे असे काही करायचे आणि ताजेतवाने होऊन परत यायचे, असा हा बेत. हे श्रीमंतांचे चोचले आहेत असे पुष्कळांना वाटेल. पण चार-पाच मित्रांनी मिळून नीट आखणी केली तर ही गोष्ट आपल्या आवाक्यातली आहे. शिवाय या धंद्यात भंडाऱ्याच्या कारागिरासाठी काही कामही दडलेले आहे. म्हणूनच व्यापाराच्या पानावर हा विषय घेतला आहे.

सुटी कोणाची?

मुंबई दुकाने व आस्थापना कायदा, १९४८ यानुसार दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. त्या निमित्ताने नोकराबरोबर मालकालाही सुटी मिळे. २०१७ च्या नव्या कायद्याने महाराष्ट्रात दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली. कामगाराच्या साप्ताहिक सुटीची तरतूद त्यात आहे, पण स्वतः गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाला सुटी देणारा कोणताही कायदा नाही. ती त्याने स्वतःच घ्यायची आहे.

केव्हा जावे?

ज्याचा त्याचा मंदीचा काळ वेगळा असतो. भांड्यांची विक्री लग्नसराईत आणि धनत्रयोदशीला असते. पावसाळ्यात लग्नाचे मुहूर्त थांबले की ती मंदावते. शिंपी व कापडवाल्यांना रमजान व ईदच्या आधी श्वास घ्यायला फुरसत नसते, ईद झाली की मात्र हात मोकळे होतात. धानाच्या व्यापाऱ्याला दिवाळीनंतर बाजार भरला असताना हलता येत नाही. तेव्हा मित्रांनी आधी आपापले मंदीचे दिवस कागदावर लिहावेत आणि जे सगळ्यांना सोयीचे असतील ते निवडावेत. बहुतेकांना जुलै-ऑगस्ट जमतो.

भाड्याचाही एक नियम ध्यानात ठेवावा. शहरातली हॉटेले कामानिमित्त येणाऱ्यांवर चालतात, म्हणून तेथे शनिवार-रविवारी खोल्या पुष्कळदा स्वस्त मिळतात. जंगल किंवा तलावाकाठच्या रिसॉर्टचे उलटे असते. तेथे शनिवार-रविवारी गर्दी आणि मधल्या वारी सवलत. नागपुरात डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. त्या दिवसांत खोली मिळणे कठीण आणि भाव चढे, म्हणून तो काळ टाळावा.

कोठे जावे?

मालिश, वाफेची खोली आणि पोहण्याचा तलाव एकाच छताखाली हवे असतील तर नागपूर सोयीचे. भंडाऱ्याहून ते सुमारे साठ किलोमीटरवर आहे. म्हणजे दुपारी दुकान बंद करून निघालेला माणूस संध्याकाळी खोलीत पोचतो. मालिशपेक्षा शांतता अधिक हवी असेल तर आपल्याच भागात जागा थोड्या नाहीत. कोका अभयारण्य २०१३ साली जाहीर झाले. त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही झाला. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पर्यटकांसाठी बंद असतो, पण ज्याला वाघ नव्हे तर झोप हवी आहे त्याचे त्यामुळे काही बिघडत नाही. गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा तलावाकाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवास आहे. आंभोऱ्याला वैनगंगेवरचा नवा पूल २०२४ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. पाणी, जंगल आणि रस्ता तिन्ही जवळ असलेल्या या जिल्ह्यात येत्या काळात राहण्याच्या सोयी वाढतील, अशी ही चिन्हे आहेत.

खर्चाचा ताळेबंद

समजा चार मित्र आहेत. दोन खोल्या, दोन रात्री, खोलीचे भाडे रात्रीला ४,००० रुपये. भाडे झाले १६,००० आणि त्यावर पाच टक्के जीएसटी ८००, एकूण १६,८००. प्रत्येकाने एकदा मालिश घेतली व तिचा दर २,००० धरला तर ८,००० आणि कर ४००, म्हणजे ८,४००. सकाळचा नाश्ता भाड्यात धरून बाकी जेवण-चहाचे ६,०००. गाडीचे इंधन व टोल २,८००. सारे मिळून ३४,००० रुपये, म्हणजे माणशी ८,५००. एकच रात्र राहिल्यास जेवणही निम्म्यावर येते आणि एकूण खर्च २२,६०० होतो, म्हणजे माणशी ५,६५०. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. आपल्या हॉटेलचे दर घालून प्रत्येकाने आपला हिशेब करावा.

ही रक्कम एकदम काढणे जड जाते. त्यासाठी आपल्या ओळखीची भिशी बरी. दरमहा ८५० रुपये दहा महिने टाकले की ८,५०० होतात. दिवसाला ही रक्कम तीस रुपयांच्या आतच पडते. येथे व्याजाचा प्रश्नच येत नाही, सर्वांचे पैसे सर्वांवर एकाच वेळी खर्च होतात. एकाला खजिनदार करावे, हिशेब कागदावर ठेवावा आणि एखाद्याला ऐन वेळी येता आले नाही तर त्याचे पैसे किती व केव्हा परत द्यायचे हे पहिल्याच दिवशी ठरवावे. पुष्कळ दोस्त्या पैशामुळे नव्हे, तर आधी न बोललेल्या पैशामुळे तुटतात.

कराची एक गोष्ट व्यापाऱ्याला कळायलाच हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर अठरा टक्के. ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते, तर ७,६०० ची ८,९६८ ला. भाड्यात फरक शंभराचा आणि खिशाला चाट १,०९३ रुपयांची! सलून, हेल्थ क्लब अशा सेवांवरचा करही त्याच तारखेपासून अठरावरून पाच टक्क्यांवर आला. बिलात हा दर बरोबर लावला आहे ना, ते पाहावे. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मात्र आपणही एक पथ्य पाळावे. हा खर्च स्वतःचा आहे, तो दुकानाच्या खात्यात टाकून करात सूट मागू नये.

फोनवर काय विचारावे?

खोली नक्की करण्याआधी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात. मटण-कोंबडी हलाल आहे काय? नसेल तर शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो काय? जवळ मशीद किती अंतरावर आहे? पुरुषांना मालिश करणारा पुरुष आणि स्त्रियांना स्त्रीच असेल ना? वाफेची खोली व पोहण्याचा तलाव स्त्री-पुरुषांना वेगळा किंवा वेगवेगळ्या वेळी मिळतो काय? नाभीपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकून मालिश घेता येते काय? चांगल्या हॉटेलात या प्रश्नांचे कोणालाही नवल वाटत नाही. उत्तर देताना जे टाळाटाळ करतील त्यांच्याकडे न जाणे बरे. आपल्या भगिनींनीही मैत्रिणींसोबत असा बेत आखायला हरकत नाही. उलट घरात सर्वांत कमी विश्रांती त्यांनाच मिळते.

खोली रद्द केल्यास पैसे किती परत मिळतील, हेही विचारावे व उत्तर लेखी घ्यावे.

कोणाला काय हवे?

दरपत्रक पाहून सर्वांनी एकच सेवा घेण्यात अर्थ नाही. जसा धंदा तसा थकवा. शिंप्याची आणि विडी वळणाऱ्याची मान व खांदे आखडतात, तेव्हा त्यांनी पाठ-खांद्याची मालिश घ्यावी. दिवसभर उभे राहणाऱ्या दुकानदाराच्या पोटऱ्या व तळपाय दुखतात, त्याला पायांची मालिश पुरे. आंधळगावच्या मागावर कोसा विणणाऱ्याचे गुडघे आणि कंबर धरते. आणि जो भट्टीसमोर धातू ओततो त्याने वाफेच्या खोलीत पैसे का घालवावेत? त्याला वाफ रोज फुकट मिळते. त्याने थंड पाणी, पोहणे आणि भरपूर झोप घ्यावी.

रक्तदाब, हृदयविकार किंवा पायाच्या शिरांचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाफ व जोरदार मालिश घेऊ नये. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला पाणी किती गरम आहे हे कळत नाही आणि पाय भाजतो. मालिशने आराम वाटतो, पण ती दुखण्याचा इलाज नव्हे. आणि मोबाइल? तो दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी उघडावा. नाहीतर दुकान मागोमाग हॉटेलात येतेच.

या धंद्यात आपला वाटा

‘स्पा’ हे नाव बेल्जियममधील झऱ्यांच्या एका गावावरून आले. परंतु या धंद्याच्या इतिहासात आपल्याकडच्या माणसाचे नाव मानाने घेतले जाते. शेख दीन मुहम्मद यांचा जन्म १७५९ मध्ये पाटण्याचा. १८१० मध्ये त्यांनी लंडनला हिंदुस्तानी खाद्यपदार्थांचे ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढले. ते चालले नाही आणि १८१२ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. पण माणूस खचला नाही. ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी वाफेची आंघोळ आणि हिंदुस्तानी चंपी सुरू केली, ती इतकी गाजली की इंग्लंडचे राजे चौथे जॉर्ज यांचे ते ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले. आज जगभर चालणारा ‘शाम्पू’ हा शब्द आपल्या चंपीचाच भाऊ. जे घरात फुकट मिळते म्हणून आपण क्षुल्लक मानतो, त्याला परमुलखात मोल येते, हा धडा त्यात आहे.

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. स्टील व अॅल्युमिनियम स्वयंपाकघरात आल्यापासून पितळी भांड्यांची मागणी घटली आणि अनेक भट्ट्या थंडावल्या. पण जुन्या घरातल्या न्हाणीकडे पाहा : तांब्याचा बंब, घंगाळ, तांब्या, टाचा घासायची पितळी वजरी आणि तळपायाला तूप लावून चोळायची काशाची वाटी. ‘स्पा’वाले आज नेमक्या याच वस्तू मागतात. काशाच्या थाळीवर पाय ठेवून चालवायची मालिश-यंत्रेही आता ठिकठिकाणी दिसतात.

मात्र माल खरा हवा. कासे म्हणजे तांबे व कथील यांचे मिश्रण, साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील. तांबे आणि जस्त मिळून होते ते पितळ. पितळेला कासे म्हणून विकणे ही फसवणूक आहे. खऱ्या काशाचा नाद लांबतो आणि आपटले तर ते तडकते, हे जाणकार गिऱ्हाइकाला ठाऊक असते. वाटी चोळल्यावर तळपाय काळा पडतो, तेव्हा ‘अंगातली उष्णता निघाली’ असे सांगण्याची पद्धत आहे. ते काळे म्हणजे धातूचा तुपाशी व घामाशी संयोग होऊन आलेला रंग असतो. खोट्या दाव्याशिवायही वाटी विकली जाते, कारण पायाला सुख वाटते हे खरे आहे.

हॉटेलाला माल देताना उधारीची अडचण येते. कारागिराने उद्यम नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले गेले पाहिजेत. उशीर करणाऱ्या खरेदीदाराला प्राप्तिकरात ती रक्कम त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे पुरवठादाराच्या शब्दाला आता वजन आले आहे. हे संरक्षण माल तयार करणाऱ्याला आहे, केवळ विकत घेऊन विकणाऱ्याला नाही, हे ध्यानात असू द्यावे.

तेव्हा विश्रांतीला जाणाऱ्या मित्रांनी बॅगेत दोन काशाच्या वाट्या आणि एक वजरी नमुन्याला ठेवावी. निघण्याच्या दिवशी बिल चुकते करताना ती हॉटेलच्या खरेदी व्यवस्थापकाला दाखवावी आणि भाव सांगून यावे.