गळतंय, पण किती?

कराडच्या आमच्या घरातला न्हाणीघराचा नळ एकदा ठिबकायला लागला, तेव्हा अण्णांनी प्लंबरला निरोप धाडण्याआधी नळाखाली तांब्या ठेवला आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. तांब्या भरायला किती मिनिटं लागली ते वहीत टिपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वाढत नाहीये. वॉशर झिजलाय, बाकी काही नाही." आई तोवर वैतागली होती, मीसुद्धा. पण ज्या माणसाची उमेदीची वर्षं कोयना धरणाच्या पोटात पाणी मोजण्यात गेली, त्याला नळ दुसऱ्या कुठल्या रीतीने दिसणार?

अण्णा माझे वडील. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिलची पदवी घेऊन 1958 साली ते कोयनेवर लागले आणि 1994 साली निवृत्त झाले. गेल्या माघात ते गेले. भेटायला आलेली माणसं म्हणायची, "अण्णांनी धरण बांधलं." अण्णांना हे वाक्य कधी आवडलं नाही. ते म्हणत, "बांधलं हजारो हातांनी. मी वह्या भरल्या."

कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या अलीकडे तिला अडवलं आणि पाणी बोगद्यातून पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला सोडलं. पोफळीला डोंगराच्या पोटात बसवलेल्या टर्बाइनवर ते पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं. एवढी उंची फुकट मिळते म्हणून तर हा सगळा खटाटोप. धरण 103 मीटर उंच, आठशे मीटर लांब, रबल काँक्रीटचं. म्हणजे मोठमोठे दगड मांडायचे आणि मधल्या फटींत काँक्रीट ठासायचं. प्रत्येक दगड आधी धुऊन घ्यावा लागे. मातीचा पापुद्रा राहिला तर काँक्रीट धरत नाही. पहिली दोन वर्षं दगड नीट धुतले जातात की नाही हे बघणं, हेच अण्णांचं काम होतं. आमच्याकडे भाजी कशी धुतली जायची, ते वेगळं सांगायला नको.

असं धरण उभं राहतं ते केवळ आपल्या वजनावर. पाणी त्याला पुढून ढकलतंच, शिवाय पायाखाली शिरून उचलूही बघतं. म्हणून धरणाच्या आत लांबलचक बोळ ठेवतात, त्याला गॅलरी म्हणतात. खडकातून झिरपणारं पाणी भोकांवाटे तिथल्या नालीत येतं आणि एका पत्र्यावरून पुढे जातं. पत्र्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं ते पट्टीवर वाचायचं, की गळती किती ते कळतं. मी सातवीत असताना अण्णांनी मला विचारलं होतं, "उंची दुप्पट झाली तर पाणी किती पट?" मी दुप्पट म्हणाले. ते म्हणाले, "साडेपाच पटीच्या वर. म्हणून बोटभर फरकाला बोटभर समजायचं नाही."

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला आजही त्यांची सगळ्यात मोठी शिकवण वाटते. गळती एकदम वाढली तर कुणीही धावतं. पण ती एकदम कमी झाली तरी घाबरायला हवं. पाण्याबरोबर चुना येतो, भोकात पांढरा थर धरतो, वाट बुजते. मग वरून सगळं कोरडं दिसतं आणि आत दाब चढत राहतो. अशा वेळी भोकं पुन्हा साफ करून घ्यायची. मी लहानपणी रडले, आदळआपट केली की अण्णा पेपर वाचत बसत. मात्र दोन दिवस गप्प राहिले की खुर्ची ओढून शेजारी येत आणि काही न विचारता शेंगा सोलायला घेत.

आईच्या गप्प राहण्यापुढे मात्र त्यांचं काही चाललं नाही.

11 डिसेंबर 1967. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. मी पाच महिन्यांची, दादा चार वर्षांचा. कोयनानगरच्या क्वार्टरची मागची भिंत बाहेर कोसळली. अण्णांनी मला उचललं, आईने दादाला, आणि सगळे मैदानात आले. कडाक्याची थंडी, अंधार, चहूकडे हाका. अण्णांनी आमच्यावर आपला कोट टाकला, म्हणाले, "भिंतीजवळ जाऊ नका," आणि टॉर्च घेऊन धरणाकडे निघून गेले. परतले ते दुसऱ्या दिवशी रात्री. मधल्या काळात जमीन हलत राहिली आणि आई दोन लेकरं घेऊन उघड्यावर बसून राहिली. त्या पहाटे पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या ओळीतलीही होती.

धरणाचं काय झालं होतं? डिझाइनमध्ये भूकंपाचा आडवा धक्का धरला होता वजनाच्या पाच टक्के. धरणातच बसवलेल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेचा धक्का नोंदवला तो वजनाच्या जवळजवळ निम्मा. आधी दोन टप्प्यांत बांधायचं ठरलेलं धरण काम चालू असताना एकदम पूर्ण उंचीचं करायचं ठरलं, त्यामुळे माथ्याकडचा भाग जड झाला आणि मागचा उतार एका ठिकाणी अचानक बदलला. नेमक्या त्याच पातळीवर उंच भागांना आडव्या भेगा गेल्या, काहींतून पाणी झिरपू लागलं. धरण फुटलं नाही. भेगांत इपॉक्सी भरली, वरून पोलादी केबल ताणून ते आवळलं आणि पुढच्या वर्षांत पाठीमागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. अण्णा त्या सगळ्या कामावर होते. खाली कराडपर्यंत आणि पलीकडे गावंच्या गावं होती. त्यांनी त्या पहाटे जायलाच हवं होतं, असं मला वाटतं. आईलाही तसंच वाटत असावं. तरीही ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, ना भांडली. अण्णा पुढची कितीतरी वर्षं तिच्यासमोर धरणाचं नाव काढताना चाचरत.

निवृत्तीनंतर एकदा ते मला म्हणाले, "दोन गोष्टी मोजता आल्या नाहीत. एक तुझी आई." दुसरी होती पाण्याखाली गेलेली गावं. सर्व्हेच्या वेळी ज्या घरांत त्यांनी नाचणीची भाकरी खाल्ली, त्यांतली काही कुटुंबं पुढे कुठे कुठे पांगली. त्यांच्या जमिनीचे कागद कुठे अडकलेत हे विचारायला अण्णा सत्तराव्या वर्षापर्यंत एस.टी.ने साताऱ्याला जात. काहींचं काम झालं, बऱ्याच जणांचं झालं नाही. त्या खेपांचीही वही आहे, सगळ्यांत जाड.

ते आजारी पडले तेव्हा आईने कुणाला हात लावू दिला नाही. कॅथेटरच्या पिशवीत किती जमलं ते दर सहा तासांनी लिहायला नर्सने सांगितलं होतं. आईने अण्णांचीच एक अर्धी कोरी वही काढली. अण्णा पडल्या पडल्या विचारत, "किती?" आई आकडा सांगायची. एका दुपारी आकडा फारच कमी आला. अण्णा काही बोलण्याआधीच आई म्हणाली, "वाट बुजली असेल. त्या थंडीत मी गप्प बसले होते ना, तसंच." मी दारात उभी होते. अण्णांनी तिचा हात धरला. मग आई बोलत राहिली, बाळाचे पाय गार पडले होते, शेजारची हाक मारता मारता थांबली होती, कोटाच्या खिशात तुमची फुटपट्टी होती, असं काय काय, अंधार पडेपर्यंत. अण्णा नुसते ऐकत होते. मध्ये नर्स आली, नळी साफ करून गेली.

आता आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. आधी पेपरात ती फक्त भविष्य आणि श्रद्धांजल्या बघायची. यंदा जुलै लागल्यापासून चष्मा लावून पहिल्या पानावरचा धरणसाठ्याचा चौकोन शोधते. "पंच्याऐंशी टीएमसी झालं गं," म्हणते. "एकशेपाचला भरतं ना? मग दरवाजे उघडतील एवढ्यात."