हॅलोवीनच्या लाह्या : करायच्या कशा, द्यायच्या कुणाला

ऑक्टोबर संपत आला की आपल्या वस्तीत आता एक नवा डबा येऊ लागला आहे. समोरच्या टॉवरांमध्ये स्वयंपाकाला आणि मुले सांभाळायला जाणाऱ्या आपल्या बायका तो घेऊन येतात. आत मक्याच्या लाह्या, म्हणजे पॉपकॉर्न. त्यावर पांढरे चॉकलेट ओतून गोठवलेले, मधून मधून शेंगदाणे, बिस्किटांचे तुकडे, नारिंगी-काळ्या गोळ्या, आणि वर साखरेचे दोन दोन डोळे चिकटवलेले. "हॅलोवीनचं आहे, पार्टीत उरलं म्हणून मॅडमनी दिलं," असे सांगितले जाते.

गेल्या वर्षी असाच डबा एका ताईंच्या घरी आला. ते सगळे त्यांनीच दिवसभर उभे राहून बनवले होते. घरी पावणेदोन वर्षांचा नातू. सगळी पोरे डब्याभोवती बसली, त्यानेही मूठ भरली. खाता खाता जोराचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, ताईंनी पाठ चोळली, पोर शांत झाले आणि झोपले. पण दुसऱ्या दिवसापासून खोकला सुरू झाला. सर्दीचे औषध झाले, मग दुसरे औषध झाले. बाराव्या दिवशी ताई त्याला घेऊन आमच्याकडे आल्या. श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता आणि छातीच्या उजव्या बाजूला हवा कमी जात होती. आम्ही विचारले, "काही खाताना ठसका लागला होता का?" ताई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पार्टीच्या दिवशी."

पुढे मोठ्या रुग्णालयात भूल देऊन, दुर्बीण घालून श्वासनलिकेतून शेंगदाण्याची अर्धी पाकळी आणि लाहीचे टरफल काढले. एक्स-रेमध्ये ते दिसले नव्हते, कारण शेंगदाणा आणि लाही एक्स-रेत दिसतच नाहीत. पोर आता बरे आहे, अंगणात धावते. ताई मात्र अजून स्वतःला दोष देतात. आम्ही त्यांना दरवेळी एकच सांगतो, हे तुम्हाला आजवर कुणी सांगितले होते का?

म्हणून या महिन्याचे पान या डब्याला. खाऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. लाही हा फार चांगला पदार्थ आहे. भुताखेतांचा सण आपण का करावा, असेही काही वाचक विचारतात. तो प्रश्न दुसऱ्या पानावर घेऊ, इथे खाण्याचे बोलू.

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला असतो. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्ट लोकांचा, सुगी संपून हिवाळा लागतानाचा सण. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक अमेरिकेत गेले आणि सण त्यांच्याबरोबर गेला. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, अमेरिकेत लाल भोपळा मुबलक मिळाला, तो कोरू लागले. पोरे सोंगे घेऊन दारोदार फिरतात आणि खाऊ मागतात. मका हे तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे धान्य. दक्षिण अमेरिकेत पेरूच्या किनाऱ्यावर साडेसहा हजार वर्षांहून जुनी लाह्यांच्या मक्याची कणसे सापडली आहेत. चार्ल्स क्रेटर्स यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लाह्यांचे वाफेवर चालणारे यंत्र मांडले आणि तिथून पॉपकॉर्नची गाडी रस्त्यावर आली. आपल्याकडे मॉलमध्ये तीनशे रुपयांना पुठ्ठ्याच्या डब्यातून मिळते ते हेच गरिबाचे खाणे.

एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. पूर्वी अमेरिकेत हॅलोवीनला दारात आलेल्या पोरांना घरचे पॉपकॉर्नचे लाडू देत. काकवीचा किंवा साखरेचा पाक करून त्यात लाह्या वळायच्या, आपल्या चुरमुऱ्याच्या लाडवासारख्या. १९७० नंतर भीती पसरली की अनोळखी माणसे खाऊत विष घालतात. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये विषारी गोळीने एक मूल खरेच गेले, पण ती गोळी त्याच्या बापानेच दिली होती. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या, तर अनोळखी माणसाने असे मूल मारल्याचे एकही प्रकरण पक्के ठरले नाही. तरी आईबाप घरचा खाऊ फेकून देऊ लागले. बंद पाकिटातली कंपनीची गोळी तेवढी 'सुरक्षित' ठरली. हा खेळ आपल्या ओळखीचा आहे. भाकरी मागासलेली आणि पाकिटातले बिस्किट पौष्टिक, असे आपल्यालाही ऐकवले गेलेच ना?

आता डब्याच्या आत बघू. नुसत्या, तेल न घालता फुटलेल्या तीन कप लाह्या म्हणजे जेमतेम २४-२५ ग्रॅम. त्यात नव्वदच्या आसपास उष्मांक, तीन ग्रॅम प्रथिने आणि साडेतीन ग्रॅम तंतू. टरफलासकट अख्खे धान्य पोटात जाते, पोट भरते, पोट साफ राहते. मधुमेह असलेल्या मावशींनी वाटीभर साधी लाही खायला हरकत नाही. पण अमेरिकी पद्धतीच्या मिश्रणात या लाह्यांवर आधी पाव किलोहून अधिक पांढरे चॉकलेट वितळवून ओततात. मग कँडी कॉर्न घालतात. ही पिवळी-नारिंगी-पांढरी, मक्याच्या दाण्यासारखी दिसणारी गोळी १८८० च्या दशकापासूनची आहे. नाव मक्याचे असले तरी मुख्यतः साखर आणि मक्याचाच साखरी पाक. एका गोळीत साधारण दीड ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. म्हणजे सोळा-सतरा गोळ्यांत दिवस संपला, आणि चहा अजून प्यायचाच आहे. त्यात प्रेट्झेल नावाची खारी, पिळाची कडक बिस्किटे, क्रीमची बिस्किटे, चॉकलेटच्या रंगीत गोळ्या. लाही बिचारी यात भरतीला उरते.

मायक्रोवेव्हच्या पाकिटाबद्दलही दोन शब्द. मे २००० मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात अशी पाकिटे बनवणाऱ्या कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसाचा गंभीर, बरा न होणारा आजार झाल्याचे पुढे आले. लोण्याचा वास यावा म्हणून वापरलेल्या डायअसिटिल या रसायनाच्या वाफा ते श्वासावाटे घेत होते. त्या आजाराला लोक 'पॉपकॉर्न लंग' म्हणू लागले. २००७ च्या सुमारास तिथल्या मोठ्या कंपन्यांनी ते रसायन काढून टाकले. घरी अधूनमधून पाकीट फोडणाऱ्याला तो धोका नव्हता, तो होता दिवसभर त्या वाफेत उभ्या असणाऱ्या मजुराला. कढईवर उभे राहणाऱ्या आपल्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे आणि खिडकी उघडी ठेवावी.

घरी करायचे तर सोपे आहे. लाह्यांचा मका वेगळा असतो, किराणा दुकानात 'पॉपकॉर्नचा मका' म्हणून सुटा मागा. भाजायच्या कणसाचे दाणे वाळवून फुटत नाहीत. या दाण्याचे टरफल कडक असते आणि आत थोडे, साधारण १४ टक्के, पाणी असते. दाणा १८० अंशांपर्यंत तापला की त्या पाण्याच्या वाफेने टरफल फाटते आणि आतला पिठूळ भाग फुगून बाहेर येतो. जुना, वाळून गेलेला मका म्हणूनच फुटत नाही. आणताना थोडाच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

जाड बुडाचे मोठे पातेले घ्या. दोन चमचे तेल आणि मक्याचे तीनच दाणे टाकून झाकण ठेवा. ते फुटले की तेल तापले. गॅस बंद करून अर्धी वाटी मका एका थरात पसरा, झाकून अर्धा मिनिट थांबा, मग गॅस मध्यम करा. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे सारखे तापतात आणि एकदम फुटतात. झाकण किंचित तिरपे ठेवा, वाफ कोंडली की लाही चिवट होते. फटफट आवाजात दोन-तीन सेकंदांचे अंतर पडू लागले की गॅस बंद. अर्ध्या वाटीत पातेले भरत येते. तळाशी राहिलेले न फुटलेले दाणे वेचून टाका, दात त्यानेच तुटतात.

तिखट मिश्रणाला दोन चमचे तेलात मोहरी, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, हळद आणि लाल तिखट घाला. त्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे, तेवढेच डाळे आणि लाल भोपळ्याच्या बिया परता, मग लाह्या घालून हलवा. नारिंगी रंग हळद-तिखटानेच येतो, बाटलीतला रंग लागत नाही. भोपळ्याच्या बिया हा या सणाचा खरा हिस्सा. अमेरिकेत भोपळा कोरला की आतल्या बिया धुऊन, मीठ लावून भाजतात. आपण भाजी केल्यावर त्या कचऱ्यात टाकतो. धुऊन, उन्हात वाळवून, तव्यावर भाजा. त्यात प्रथिने, लोह आणि जस्त आहे. मीठ बेताने घाला, रक्तदाब असणाऱ्यांची वाटी मिठाआधीच बाजूला काढा.

गोड हवे असेल तर अर्धी वाटी गूळ, चमचाभर तूप आणि दोन चमचे पाणी यांचा गोळीबंद पाक करून त्यात लाह्या हलवा आणि ताटात पसरा. गूळही साखरच, हे विसरू नका. फरक एवढाच की किती घातला ते आपल्याला ठाऊक असते. पाक करताना पोरांना चुलीपासून लांब ठेवा, पाकाचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, तो कातडीला चिकटून राहतो.

आता कुणाला द्यायचे नाही. चार वर्षांखालच्या मुलाला लाही देऊ नये, असे अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या यांनाही हेच लागू. या वयात मागच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात, पोर हसत-रडत-पळत खाते, आणि श्वासनलिका फार बारीक असते. लाही हलकी असते, श्वासाबरोबर आत ओढली जाते. चॉकलेटमध्ये गोठवलेला तिचा गोळा तर आणखी वाईट. छोट्याला राजगिऱ्याच्या लाह्या दुधात भिजवून द्या, पिकलेले केळे द्या, उकडलेला भोपळा गूळ घालून कुस्करून द्या. मोठ्या पोरांनीही बसून, पाणी जवळ ठेवून खावे. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी अमेरिकेत २०१४ पासून एक चांगली रीत देशभर सुरू झाली. ज्या दारात खाऊऐवजी पेन्सिल, खेळणे मिळते, तिथे निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा ठेवतात. टॉवरमध्ये काम करणाऱ्या बायकांनी मॅडमना हे जरूर सुचवावे. दोन वर्षांचे पोर पार्टीत त्यांच्याकडेही असते.

आणि घास अडकलाच तर? मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर खोकू द्या. तोंडात बोट घालू नका, पाणी पाजू नका, केळे भरवू नका, पाय धरून उलटे टांगू नका. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर ताबडतोब पुढचे करा. मूल वर्षाच्या आतले असेल तर त्याला हातावर पालथे, डोके खाली असे धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा मारा. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर ५ वेळा दाबा. वर्षावरचे मूल असेल तर पुढे वाकवून पाठीवर ५ थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून ५ वेळा आत-वर असा झटका द्या. अडकलेले बाहेर येईपर्यंत आळीपाळीने करत राहा. दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ वर फोन करायला लावा. मूल निपचित पडले तर जमिनीवर झोपवून छाती दाबणे सुरू करा. हे आम्ही दर महिन्याला बाहुलीवर करून दाखवतो, आजी-आजोबांनीही यावे, कारण दुपारी घरी पोराजवळ तेच असतात.

ठसका लागून पोर शांत झाले तरी पुढे खोकला राहिला, श्वासात शिट्टी वाजू लागली किंवा सारखा ताप येऊ लागला तर दवाखान्यात जा. तिथे "सर्दी आहे" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या दिवशी, काय खाताना ठसका लागला ते स्पष्ट सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा.