विश्लेषण : शिफ्ट संपली, काम नाही, जादा तासांचे पैसे कोणी द्यायचे?

वाद काय?
रोस्टरची वेळ संपली तरी राऊंडची तयारी, केसपेपरवरील नोंदी, पुढच्या डॉक्टरकडे रुग्ण सोपवणे ही कामे ऑस्ट्रेलियातील कनिष्ठ डॉक्टरांना टाळता येत नाहीत. त्या तासांचे पैसे मात्र मिळत नव्हते. कारण, ओव्हरटाइमला आधी परवानगी घेतलेली नसे.

न्यायालय काय म्हणाले?
व्हिक्टोरिया राज्यातील पेनिन्सुला हेल्थविरुद्धच्या सामूहिक दाव्यात फेडरल कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. ही कामे व्हावीत अशी रुग्णालयाचीच अपेक्षा होती. म्हणजेच स्पष्ट मंजुरी नसली तरी गर्भित परवानगी होती, असे न्यायालयाने मानले.

पैसे मिळाले?
न्यू साउथ वेल्स राज्यात २०२० मध्ये दाखल झालेला असाच दावा २२.९८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या तडजोडीने मिटला. २०१४ ते २०२० या काळात सरकारी रुग्णालयांत काम केलेल्या डॉक्टरांसाठी तो होता.

रुग्णांचा संबंध काय?
फुकटचे तास कोणी मोजत नाही. पैसे मोजावे लागले की डॉक्टर किती कमी आहेत, हे हिशेबात दिसते. नाहीतर थकलेल्या डॉक्टरच्या चुकीची किंमत रुग्णाला चुकवावी लागते.