आहे ते हवंसं!

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं, की भूगावनंतर आमचं भुकूम. मी लग्न होऊन आले तेव्हा रस्त्यावरून आमचं कौलारू घर दिसायचं. आता मध्ये इमारती उभ्या राहिल्यात. त्यातल्याच एकीत, सातव्या मजल्यावर थोरल्या जाऊबाईंनी फ्लॅट घेतला. त्यांच्या वास्तुशांतीहून परतले आणि माझं बिनसलंच! तो गुळगुळीत ओटा, ते सरकते ड्रॉवर... आणि घरी आले तर तेच फडताळ, तीच काळवंडलेली भिंत.

"वाटणीचा तुकडा आपणही विकून टाकू या," मी ह्यांना म्हणाले. हे काहीच बोलले नाहीत. पुढचे दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही.

लेक मानसशास्त्र शिकते. तिने एक अभ्यास सांगितला. २००८ साली अमेरिकेतल्या जेफ लार्सन आणि एमी मॅककिबन यांनी कॉलेजातल्या मुलांना ५२ वस्तूंबद्दल विचारलं. ही तुमच्याकडे आहे का? असेल, तर ती हवीशी वाटते का? मनातलं मिळालेली मुलं समाधानी होतीच. पण जवळ असलेलं ज्यांना हवंसं वाटत होतं, तीही जास्त समाधानी निघाली. म्हणजे मिळणं वेगळं आणि मिळालेलं हवंसं वाटणं वेगळं!

दुपारी मीही किराणाच्या वहीचं मागचं पान काढलं. घरातली एकेक वस्तू लिहायची आणि स्वतःला विचारायचं, ही आपली नसती तर हवी वाटली असती का?

पहिलंच नाव शिलाई मशीनचं. ब्लाउज शिवून साठवलेल्या पैशांतून घेतलेलं. त्यासाठी किती जीव टाकला होता! आणि आता? त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. कपडे उचलले, तेल घातलं, जुन्या साडीची दुपटी शिवायला घेतली. पडवीत चहा प्यायला बसले, तर सासूबाईही आपणहून शेजारी येऊन बसल्या. मैत्रिणींनो, तेव्हा कळलं. जे आपण हाताळत नाही, तेच आधी नकोसं होतं.

वहीत शेवटी लिहिलं, 'घरामागचं भातखाचर'. त्यातला इंद्रायणी शिजला, की वास ओटीपर्यंत येतो. हवं का? हवंच! पण तिथे पेन थांबलं. आवणीला चिखलात मी उतरते, पण सातबाऱ्यावर माझं नाव कुठे आहे?

बायकांना 'समाधानी राहा' असं फार सांगितलं जातं. आहे त्यात गोडी वाटणं वेगळं आणि हक्काचं मागायचंच नाही, हे वेगळं. महाराष्ट्रात १९९२ साली लक्ष्मी मुक्ती योजना आली. नवऱ्याने स्वतः अर्ज दिला, तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव जमिनीला सहहिस्सेदार म्हणून लागतं.

रात्री वही ह्यांच्यापुढे ठेवली. "विकायचं नाही. पण माझं नाव लावायचं."

हे वहीकडे बघत राहिले. कोपऱ्यातून सासूबाईच म्हणाल्या, "माझं राहिलं बाबा. हिचं तरी लाव."

सोमवारी तलाठ्याकडे जायचं ठरलंय. ओटा अजून जुनाच आहे. उद्या तेवढी भिंत मात्र चुन्याने रंगवून घेते.