ध्वज, कापूस आणि राग

राष्ट्रध्वज जाळणे हा निषेधाचा मार्ग असू शकतो का, असे कुणी नुसते विचारले तरी आपल्याकडे विचारणाराच संशयित ठरतो. तरीही हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो दिल्लीतल्या परिसंवादापेक्षा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या चिंतामणीच्या कळंबात विचारलेला बरा. कारण ध्वज झाला तरी तो आधी कापड असतो आणि कापडाच्याही आधी कापूस. कापूस म्हणजे काय, हे या भागाला कुणी शिकवायला नको.

वाचकांना आठवत असेल, 1985 साली केंद्राचे नवे वस्त्रधोरण आले. कृत्रिम धाग्याला त्यात झुकते माप होते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्याविरुद्ध आंदोलन उभे केले. कृत्रिम धाग्याच्या कापडाला ‘राजीव-वस्त्र’ असे नाव देऊन त्याच्या होळीची हाक दिली. होळीची ही भाषा महाराष्ट्राला नवी नव्हती. 1905 मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, 1921 मध्ये गांधीजींनी मुंबईत परळला तीच पेटवली, आणि 1927 च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. जाळणे हे आपल्याकडे पूर्वीपासून बोलणेच आहे.

आता पुढची गोष्ट पाहा. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली. तोवर हाताने कातलेल्या आणि हातमागावर विणलेल्या खादीचाच राष्ट्रध्वज चालत असे. या दुरुस्तीने यंत्रावर बनलेला आणि पॉलिस्टरचा ध्वजही मान्य झाला. 1985 मध्ये ज्या जातीच्या कापडाची होळी करायची होती, त्याच कापडाचा आज राष्ट्रध्वज होऊ शकतो. समजा, कळंबच्या एखाद्या कापूस उत्पादकाने भाव पडल्याच्या संतापात भर चौकात असा पॉलिस्टरचा तिरंगा पेटवला, तर तो काय म्हणतो आहे? देश नको म्हणतो आहे, की या ध्वजात माझा धागा कुठे आहे असे विचारतो आहे?

कायद्याला या प्रश्नाशी कर्तव्य नाही. राष्ट्रीय मानचिन्हांचा अपमान रोखणाऱ्या 1971 च्या कायद्यानुसार सार्वजनिक जागी ध्वज जाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. याच कायद्यात एक चांगले स्पष्टीकरणही आहे: सनदशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून राज्यघटनेवर, ध्वजावर किंवा सरकारच्या उपायांवर केलेली टीका हा गुन्हा नाही. म्हणजे ‘ध्वज खादीचाच हवा’ असा लेख लिहिणारा मी सुरक्षित. तेच म्हणणे काडी ओढून सांगणारा शेतकरी मात्र गुन्हेगार. ज्याच्याजवळ लेखणी आहे त्याच्यासाठी वाट मोकळी, आणि ज्याच्याजवळ रागाखेरीज काही उरले नाही त्याच्यासाठी कोठडी.

गंमत अशी की ध्वजसंहिता स्वतःच ध्वज जाळायला सांगते. ध्वज फाटला किंवा मळला, तर तो खासगीत, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करावा, असे तिच्यात लिहिले आहे. कापड तेच, आग तीच. फरक पडतो तो जाळणाऱ्याच्या म्हणण्याने. मग शिक्षा आगीला होते की म्हणण्याला? बँकेत उभी हयात गेल्यामुळे मला इथे नोटेची आठवण होते. फाटकी नोट आम्ही बदलून देत असू, कारण तिची किंमत कागदात नसते, वर छापलेल्या वचनात असते. ध्वजाचेही तसेच आहे. कापड जळाले म्हणून वचन जळत नाही. ते मोडते दुसऱ्याच कारणांनी.

सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये नवीन जिंदल खटल्यात सांगितले की सन्मानाने ध्वज फडकवणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तीचा भाग आहे. मात्र त्यावर वाजवी बंधने येऊ शकतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, पुढचे पाऊल टाकले होते: फडकवणे जर बोलणे असेल, तर जाळणेही बोलणेच. आपण त्या टोकाला जावे असे मी लगेच म्हणणार नाही. पण पाच विरुद्ध चार या आकड्याकडे पाहावे. तिथल्या न्यायमूर्तींनाही हे सोपे गेले नाही.

आपल्याकडचा अनुभव असीम त्रिवेदींचा. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या काळातल्या व्यंगचित्रांवरून सप्टेंबर 2012 मध्ये त्यांना मुंबईत अटक झाली. राष्ट्रचिन्हातल्या सिंहांच्या जागी लांडगे दाखवल्याचा राग होता. आरोपांत राजद्रोहाबरोबर हा 1971 चा कायदाही होता. राजद्रोहाचे कलम सरकारला पुढे मागे घ्यावे लागले. मार्च 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, चित्रांत विनोद दिसत नसला तरी भ्रष्टाचाराविरुद्धचा संताप दिसतो आणि तेवढ्याने राजद्रोह होत नाही, असा निर्वाळा दिला. वाईट चित्र काढणे आणि देशाविरुद्ध उठणे यांत अंतर आहे, हे सांगायला उच्च न्यायालय लागले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 1942 च्या सप्टेंबरात नंदुरबारला शिरीषकुमार हा शाळकरी मुलगा हाती झेंडा घेऊन गोळीला सामोरा गेला. त्याच ऑगस्टात चिमूर-आष्टीत काय घडले, ते विदर्भाला ठाऊक आहे. ज्या घरांनी माणसे दिली, त्यांच्यापुढे ध्वज जाळणे ही जखमेवरची ठिणगी आहे. माझ्या त्या कल्पनेतल्या शेतकऱ्याला मी हेच सांगेन: बाबा, हा झेंडा सरकारचा नाही, तुझाच आहे; तो पुढे धर आणि मोर्चा काढ.

नागपूरला 1923 मध्ये हेच झाले. सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा नेण्यास इंग्रजांनी बंदी घातली. 1 मेपासून सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेल धुरा सांभाळायला आले, हजाराहून अधिक लोकांनी अटक करवून घेतली, आणि 18 ऑगस्टला झेंडा त्याच बंदीच्या रस्त्याने गेला. आपल्या ध्वजाची परंपरा अशी आहे. तो मिरवणे हाच एके काळी गुन्हा होता. शिक्षेचे भय घालून झेंड्याचा मान ठरवता येत नाही, हे सिद्ध करणाऱ्यांचा तो झेंडा. त्याचाच मान आज तीन वर्षांच्या कैदेवर उभा करावा का?

मद्रासचा धडा यापुढचा. हिंदीसक्तीच्या विरोधात पेरियार रामस्वामींनी 1 ऑगस्ट 1955 ला राष्ट्रध्वज जाळण्याची घोषणा केली. मुख्यमंत्री कामराज यांनी हिंदी लादली जाणार नाही असे आश्वासन दिले आणि ते दहन टळले. 1957 मध्ये राज्यघटनेच्या प्रती जाळण्याची घोषणा झाली, तेव्हा सरकारने तीन वर्षांच्या शिक्षेचा कायदा केला. 26 नोव्हेंबरला प्रती जळाल्याच, आणि हजारो लोक तुरुंगात गेले. शब्द दिला तेव्हा काडी खिशात राहिली. धाक घातला तेव्हा ती पेटली.

माझे म्हणणे इतकेच. दुसऱ्याचा किंवा सरकारी इमारतीवरचा ध्वज उतरवून जाळला, त्या निमित्ताने दंगल पेटवली, कुणाच्या जिवावर उठले, तर त्यासाठी वेगळी कलमे आहेत, ती लावावीत. स्वतःच्या पैशाने घेतलेला ध्वज संतापाने जाळणाऱ्याचा निषेध करावा, त्याच्याशी भांडावे, पण त्याची कैद काढून टाकावी. आणि अपमानच शोधायचा असेल, तर 16 ऑगस्टच्या सकाळी कुठल्याही गावच्या नाल्या पाहाव्यात. आदल्या दिवशी हौसेने मिरवलेले प्लास्टिकचे तिरंगे तिथे चिखलात पडलेले असतात. त्यासाठी कुणाला तुरुंगात टाकल्याचे मी तरी ऐकलेले नाही, आणि टाकावे असेही नाही. कुणीतरी खाली वाकून ते उचलले, तरी पुरे.